मागावर राहिलेलं तुझं कापड

सिदू,

काल तुझा तेरावा झाला. आज सकाळपासून आपल्या कोष्टी गल्लीत पुन्हा मागांवरचे धोटे फिरायला लागलेत. तू असतास तर म्हणाला असतास, "बापू, एवडं दिवस माग बंद ठिवलं? मग गल्ली खाती काय?" मीही तेच म्हणत होतो, पण माझं ऐकतो कोण? गल्लीत कुणी गेलं की आपापले माग बंद ठेवायचे ते तिसऱ्या दिवसापर्यंत, अशी आपली रीत. माझे वडील गेले तेव्हा तेवढेच बंद होते, आणि अर्ध्या गल्लीला त्यांनी विणायला शिकवलं होतं. तुझ्यासाठी मात्र तेराव्यापर्यंत कुणी स्वतःच्या मागाच्या पावडीवर पाय ठेवला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलंही नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी ती शांतता ऐकत होतो आणि मला तुझा हेवा वाटत होता. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा सांगलीत मी एकटाच असेन.

गल्लीत व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला मी एकटा, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. "सिद्रामबद्दल चार चांगलं शब्द लिवा," सगळे म्हणाले. लिहितो, पण चांगलेच लिहीन असं मी कबूल केलेलं नाही. तू कधी जन्मलास, कुणाच्या पोटी, हे ज्याला हवं त्यानं तुझ्या मामाला विचारावं. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि आता तू मधेच उठून धाग्यासाठी टाकलेलं केळीचं सोपट भिजलंय का ते बघायला जाऊ शकत नाहीस.

आपण दोघं एकाच मागावर शिकलो. तू साताऱ्याहून मामाकडं आलास आणि मामानं तुला माझ्या वडिलांच्या हवाली केलं. आबांचा नियम एकच होता. कापडात सूत दिसता कामा नये आणि विणणाऱ्याचा हात तर अजिबात दिसता कामा नये. मी तो नियम अंगात मुरवला. माझं कापड बघून आबा मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्यासाठी मी दिवसभर उपाशी राहिलो असतो. तू मात्र कधी शेळीचे केस घाल, कधी शिंदीचं पान चिरून घाल. आबा ओरडायचे, "सिद्या, ह्ये काय घातलंस रं भाड्या?" आणि ओरडता ओरडता हसायला लागायचे. आबा फार क्वचित हसत. घरात तर मी त्यांना हसताना पाहिल्याचं आठवत नाही. तुझ्या कापडापाशी उभे राहून ते डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसायचे. माझ्या कापडात हसण्यासारखं काही नसायचंच. आता सांग, शहाणा विद्यार्थी कोण होता?

मग लढाई आली आणि सूत गेलं. सरकारी कोट्यावर जे मिळायचं त्यात धड एक लुगडं उतरत नव्हतं, आणि जे मिळायचं ते इतकं कच्चं की पिठाची खळ लावताना हातात तुटायचं. गल्लीतले निम्मे लोक ऊसतोडीला गेले. मी माझ्या मागावर धडपं घालून ठेवलं. चांगलं सूत येईपर्यंत विणायचं नाही, असं ठरवलं. मला त्यात बाणेदारपणा वाटत होता. आणि एके दिवशी बघतो तर तू बांधावरची घायपाताची पानं डोक्यावर घेऊन नदीकडं निघालेला. हात रक्ताळलेले, आणि तोंडानं काहीतरी चघळतोयस. कुठलाही नवा धागा हाती आला की तू तो आधी दाढेखाली धरायचास.

"म्हशीगत काय चगळाय लागलायस?" मी विचारलं.

"चव बगतोय. कडू आसलं तर कसर लागत न्हाई."

पुढं महिनाभर तुझ्या अंगाला कुजक्या पानांचा असा वास यायचा की बायको असून गौरावैनी तुला ओट्यावरच जेवायला वाढायच्या. मी मनातून खूश होतो. म्हटलं, आता याची हौस फिटेल. आणि तू ते कापड मागावरनं उतरवून थेट माझ्या दारात आणून टाकलंस. जाडंभरडं, पिवळट, उन्हात धरलं की मधूनमधून चकाकणारं. मला ते पहिल्या नजरेत आवडलं आणि त्याच क्षणी तुझा संताप आला.

"ह्ये कापड न्हवं सिदू, ह्ये कुंपान हाय."

"मग कुंपनाचं कापड म्हन की."

"आबांनी काय शिकीवलं? सूत दिसाय नगं."

"मग दिसायचं काय?"

"कापड!"

"त्ये तर गिरनीबी करती की रं," तू म्हणालास आणि चहाची बशी तोंडाला लावलीस.

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. नंतर सुचली, एक सोडून चांगली चार सुचली. गिरणीच्या कापडाला माणसाचा दम लागत नाही, हे एक. गिरणी काठ जुळवते पण काठ निवडत नाही, हे दुसरं. एकेक उत्तर मी घासूनपुसून ठेवत होतो आणि दर वेळी तू काहीतरी नवं घेऊन यायचास आणि वाद दुसरीकडंच जायचा. आता उत्तरं माझ्याकडं पडून आहेत आणि ती ज्याच्या तोंडावर मारायची तो नाही. हा तुझा शुद्ध कावेबाजपणा आहे.

माझ्या आईची गोष्ट तर मी तुला कधी बोलून दाखवली नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्यासाठी माझ्या हातची चादर घातली होती, लढाईच्या आधीच्या सुताची. तुझ्यासकट सगळ्यांनी नावाजलेली. तू बघायला आलास, तिच्या उशाशी बसलास, आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या पाचटाची आणि तागाच्या सुतळीची ती चटई घेऊन आलास. मला वाटलं, आई नको म्हणेल. तिनं माझी चादर काढायला लावली.

"आय, टोचंल ती," मी म्हणालो.

"टोचती कुटं? कूस बदलली की कुरकुर करती. घरात कुनीतरी हाय आसं वाटतंय."

मी त्याच घरात होतो, सिदू. तिच्या खाटेपासून हातभर अंतरावर बसलेलो असायचो. पण माझ्या चादरीला आवाज नव्हता. आई शेवटपर्यंत तुझ्या चटईवर झोपली, आणि पडून पडून पाठीवर कुठं एक जखम झाली नाही, हेही खरं. त्यासाठी मी तुझे पाय धरायला हवे होते. धरले नाहीत. आजही तुझ्या उपकारांची आठवण झाली की आधी ती कुरकुर ऐकू येते. मग जे येतं ते रडू असतं की जळफळाट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या बायकोचं, काशीचं, काय सांगू? शेजारच्या गावचा फौजेतला हवालदार रजेवर आला आणि विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या दोऱ्या तुला देऊन गेला. तू त्या उसवून त्यांचं सूत काढलंस. तसलं पांढरं, तसलं झिरझिरीत आणि तरी न तुटणारं सूत गल्लीनं पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास कुठून कुठून सूत जमवून मी काशीसाठी लुगडं घातलं होतं. जीव ओतून घातलं होतं म्हण. काठासकट अंग विणून झालं, आणि ही मागापाशी येऊन म्हणते, "आवं, तेवडा पदर भावजींकडनं इनून घ्या की. त्या छत्रीच्या सुताचा." मी दोन दिवस जेवलो नाही. तिला वाटलं, पोट बिघडलंय. तुझ्याकडं जाऊन ओवा मागून आणला तिनं, आणि तू वर निरोप पाठवलास, "बापूला म्हनावं, हवा बदलाय पाचगनीला चल माज्यासंगं."

आणि मी आलोही. का आलो? तिथल्या शाळेच्या मडमेनं तुला पडदे घेऊन बोलावलं होतं, आणि मला वाटलं, मडम शिकलेली आहे, तिला खरं कापड कळेल. मी माझं सर्वांत देखणं लुगडं बरोबर घेतलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार आठवते? वाईच्या पुढं घाटात दर वळणाला दम टाकायची. सगळे उतरून ढकलायचो. तुझं तोंड कोळशानं काळं झालं होतं आणि घायपाताच्या पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसून तू मोटारीतल्या बायकांना भुईमुगाच्या शेंगा वाटत होतास. मी माझं लुगडं छातीशी धरून बसलो होतो, धूर लागू नये म्हणून.

मडमेनं माझं लुगडं उलगडलं, काठ पाहिला, "व्हेरी नाइस" म्हणाली आणि घडी नीट घालून परत दिलं. फार नीट घातली होती घडी. मग तिनं तुझा पडदा खिडकीला लावायला सांगितला. ऊन आलं, आणि पडद्यातून ते खोलीभर असं काही सांडलं की बाई त्या उन्हात जाऊन नुसती उभी राहिली. मग हातानं विचारलं, कशाचं आहे? तुला इंग्रजी येत नव्हतं आणि ते शब्द मलाही येत नव्हते. तू तिला बाहेर नेलंस, तिच्याच शाळेच्या कुंपणाला लावलेलं घायपात दाखवलंस आणि त्याचा काटा अंगठ्याला टोचून "आई गं" म्हणालास. मडम पोट धरून हसली. आबा हसायचे तशीच.

परत येताना तू पडद्याचं नाव काढलं नाहीस. साताऱ्याला उतरून कंदी पेढे घेतलेस आणि पहिला माझ्या तोंडात कोंबलास. गोड होता. मला वाटत होतं, तू एकदा तरी मिरवावंस. एकदा म्हणावंस, बघ बापू, कुणाचं कापड राहिलं तिथं आणि कुणाचं परत आलं. मग मला तुझ्याशी मनसोक्त भांडता आलं असतं. पण तू वाटभर माझ्या लुगड्याच्या काठाचंच कौतुक करत होतास, आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी सोडून तरी दिलं असतं.

म्हणजे बघ, तुझ्यावर रागवायलासुद्धा तू धड जागा ठेवली नाहीस.

यंदा कार्तिकातल्या थंडीत तू नदीच्या कंबरभर पाण्यात उभा राहून केळीची सोपटं धूत होतास. मी काठावरून सांगितलं, "भाईर निघ, छाती भरंल." तू म्हणालास, "आलो, एवडं झालं की आलो." छाती भरली. गौरावैनींनी ओव्याचा शेक दिला, डॉक्टरांनी सुई दिली. मी रोज यायचो. बोललो मात्र नेहमीचंच, सुताचं, गल्लीचं. त्या शेवटच्या दुपारी तू डोळे मिटूनच विचारलंस, "बापू, मागावरचं बगितलंस का?" मी म्हणालो, "बगितलं." तू थांबलास. मी पुढं काहीतरी म्हणेन म्हणून थांबलास, ते मला कळत होतं. मी तुझं पांघरूण सारखं केलं.

त्या कापडाला मी तेव्हा चांगलं म्हणालो नाही आणि आता तू गेलास म्हणून म्हणणार नाही. माणूस गेलं की त्याचं कापड चांगलं होतं असं नसतं. ते आधीच चांगलं होतं, तीच तर माझी तक्रार आहे.

आता त्याच कापडाचं सांगतो. आपल्यात अर्धं कापड तेराव्यापलीकडं मागावर ठेवत नाहीत. गेलेल्याचा जीव ताण्याच्या धाग्यांत अडकतो म्हणतात. ज्याच्या हातात घरची बाई धोटा देईल त्यानं ते पुरं करायचं आणि तेराव्याला ओट्यावर पसरायचं. गल्लीनं येऊन हात लावायचा, मग माणूस सुटला. तुझ्या धोट्यासाठी किती जण पुढं आले होते म्हणून सांगू! ज्यांनी तुला येडा कोष्टी म्हटलं तेही आले. मी मागं भिंतीशी उभा होतो. मला भीती वाटत होती, वैनी मला धोटा देतील याची, आणि दुसऱ्या कुणाला देतील याची तर त्याहून जास्त. तुझ्या मागाच्या खड्ड्यात दुसऱ्या कुणी पाय सोडले असते तर मी तिथं उभा राहू शकलो नसतो. इतकी वर्षं तुझ्यावर जळायचा हक्क माझा आहे. तो असा कुणाही उपटसुंभाला मी देणार नव्हतो.

वैनी सरळ माझ्यापाशी आल्या. "भावजी, तुमीच करा. दुसऱ्या कुनाचं त्ये ऐकायचं न्हाईत."

तेराव्यापर्यंत गल्लीत एकच माग वाजत होता, तुझा. पाय माझे होते. सगळी गल्ली ऐकत होती, आणि मी पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. उभा ताणा सुताचा, आडवा बाणा केळीच्या धाग्याचा, मधे मधे धनगराची काळी लोकर. मी आबांच्या शिकवणीप्रमाणं केळीच्या धाग्याला आधी खळ लावली, उन्हात कडक वाळवला, धोट्याच्या कांड्या भरल्या आणि बसलो. बाणा बसवायला फणी ठोकली की धागा काडीसारखा तडकायचा. पुन्हा जोडायचा, पुन्हा तडकायचा. जन्मभर खळ लावत आलेल्या हाताला खळ न लावता विणता येतं हे सुचतच नाही. शेवटी वैनी दारातून म्हणाल्या, "आवं भावजी, खळ कशाला लावलीसा? ह्ये वल्लं फडकं गुंडाळून ठेवायचं आनी तसंच इनायचं. लय ठोकायचंबी न्हाई."

मी खळ धुऊन काढली. धागा ओला केला. ठोका हलका केला, आणि हात काही केल्या हलका राहीना. पण जमवलं. कोष्ट्याच्या पोटचा आहे, जमवणारच. तू कुठं लोकर घालायचास त्याचा हिशेब काढायला मी तुझं झालेलं कापड उलगडून बघत बसलो. हिशेब नव्हता. कुठं दाट, कुठं एकच ओळ, कुठं नुसती टोकं बाहेर सोडलेली. मग मी माझा हिशेब बसवला. बोटभर केळ, मग लोकर, पुन्हा बोटभर केळ. कुणासाठी विणत होतास हे तू वैनींनाही सांगितलं नव्हतंस. विणताना मी सारखा ओळखायचा प्रयत्न करत होतो. एकदा वाटलं, माझ्यासाठी असेल. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तरी दिवसभर तेच वाटत राहिलं.

काल ते उतरवलं आणि तुझ्या ओट्यावर पसरलं. तुझं सोडलेलं आणि माझं धरलेलं यांच्यामधला सांधा मी असा बुजवला होता की आबांनी मान हलवली असती. त्या एका गोष्टीत गल्लीत माझा हात धरणारा कुणी नाही, तूही नव्हतास. बायका आल्या, म्हातारे आले. एकेकानं टोकापासून हात फिरवायला सुरुवात केली. मी खांबाला टेकून बघत होतो. कुणी शिवलं की त्याचा चेहरा जरा हलायचा, कुणी हसायचं, एका म्हातारीनं तर गाल टेकवला. आणि मग हात पुढं जाता जाता थांबायचा. सगळ्यांचा, बरोबर एकाच जागी. सांधा दिसत नव्हता, तरी आंधळ्यालाही कळत होतं की सिदू इथं संपला. त्यापुढच्या माझ्या कापडावर कुणी वाईट बोललं नाही. "बापूनं लय निगुतीनं केलंय," म्हणाले आणि हात उचलून घेतले.

रात्री घरी आलो. माझ्या मागावर काशीचं दुसरं लुगडं आहे, अर्धं झालेलं. कंदील धरून ते बघितलं. सूत दिसत नाही, हात दिसत नाही. सिदू, उद्या मी गेलो तर हे गल्लीतला कुणीही पुरं करील, आणि तेराव्याला त्यावरून हात फिरवताना कुणाचाच हात कुठं थांबणार नाही. इतकं सुबक विणतो मी.